प्रसूतिकक्षातली तेलाची बाटली: ब्रिटनमधल्या मिडवाइफ पूरक उपचार कशा शिकल्या

कळा सुरू झालेल्या बाईचे पाय कोमट पाण्यात, पाण्यात क्लॅरी सेज या सुगंधी वनस्पतीच्या तेलाचे मोजून टाकलेले थेंब, आणि मागे बसून तिची कंबर चोळणारी मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करणारी प्रशिक्षित सुईण. १९९० च्या दशकात ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ हॉस्पिटलात हे नेहमीचं झालं होतं. त्यासाठी बाहेरून कुणी सुगंधोपचारतज्ज्ञ बोलवावा लागत नव्हता. प्रसूतिकक्षातल्या मिडवाइफच ते शिकल्या होत्या.

त्या शिकण्याला जुनी परंपरा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९०२ च्या कायद्याने मिडवाइफला नोंदणी आणि शिक्षण सक्तीचं केलं. भर होता स्वच्छतेवर, आणि काही बिनसलं की वेळेत डॉक्टरला बोलावण्यावर. बाळंतज्वराने बायका दगावत होत्या, तेव्हा तो भर योग्यच होता. वेदना कमी करण्याचं साधन मात्र तिच्या हाती उशिरा आलं. लिव्हरपूलचे डॉ. मिनिट यांच्या गॅस-हवेच्या यंत्राला १९३६ मध्ये मान्यता मिळाली, तीसुद्धा ते वापरायचं प्रशिक्षण घेतलेल्या मिडवाइफपुरती. आधी शिक्षण, मग परवानगी, हा शिरस्ता तेव्हापासूनचा. पुढचा सगळा वाद मला तरी याच शिरस्त्याभोवती फिरताना दिसतो.

१९७० मध्ये पील समितीने सगळ्याच बाळंतपणांची सोय हॉस्पिटलात व्हावी अशी शिफारस केली. घरची बाळंतपणं झपाट्याने घटली, यंत्रं वाढली. त्यावरची नाराजी साचत गेली आणि १९९२ च्या संसदेच्या विंटरटन समितीने, पाठोपाठ १९९३ च्या सरकारी अहवालाने, बाळंतपण कसं व्हावं यात बाईचं म्हणणं विचारात घ्यायला हवं असं स्पष्ट सांगितलं. मसाज, सुगंधोपचार, ॲक्युपंक्चर शिकू पाहणाऱ्या मिडवाइफना या वाऱ्याने बळ दिलं.

ऑक्सफर्डचं मोठेपण असं की तिथे नुसती तेलं वापरली नाहीत, नोंदी ठेवल्या. १९९० ते १९९८ या काळात ८,०५८ बायकांच्या नोंदी झाल्या. लॅव्हेंडर, गुलाब, पेपरमिंट अशी दहा तेलं होती. निम्म्याहून जास्त जणींनी उपयोग झाल्याचं सांगितलं, त्रासाच्या तक्रारी सुमारे एक टक्का होत्या. पेथिडिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं प्रमाण त्या केंद्रात ६ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यावर आलं. पण ही घट तेलांमुळेच झाली असं यावरून ठरत नाही, कारण तेल दिलेला आणि न दिलेला असे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. तसे गट पाडून पुढे इटलीतल्या मोंझा इथे ५१३ बायकांवर छोटी चाचणी झाली. तिच्यात सिझेरियन किंवा चिमट्याच्या बाळंतपणांच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. हे दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवूनच शिकवले पाहिजेत. तेलाने बरं वाटणं ही खरी गोष्ट आहे, आणि तेलाने बाळंतपण सुकर होतं हा वेगळा दावा आहे.

२००० मध्ये ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने पूरक उपचारांवर अहवाल दिला आणि प्रशिक्षणाचा दर्जा, नियमन आणि संशोधन या दुखऱ्या जागांवर बोट ठेवलं. बाळंतपणातल्या काळजीविषयीच्या २००७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने तर हात आखडताच घेतला: ॲक्युपंक्चर आणि संमोहन हॉस्पिटलने देऊ नये, पण बाईला स्वतःहून हवं असेल तर अडवूही नये. मसाजबद्दल सूर निराळा होता. सोबतीला आलेल्या माणसाला मसाज शिकवलेला असेल आणि बाईला तो हवा असेल, तर तिला साथ द्या.

२०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही वेदनाशमन मागणाऱ्या निरोगी बाईसाठी मसाज आणि गरम शेक सुचवला. आपल्याकडच्या सुईणीच्या हाताला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्याच वर्षी भारत सरकारने परिचारिकांसाठी अठरा महिन्यांच्या मिडवाइफरी प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्याआधी, २०१६ मध्येच, सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवायला मुभा मिळाली होती, आणि ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी अशी अपेक्षा होती. आई, सासू, थोरली जाऊ, कुणीही असेल. कळ आली की तळहाताचा दाब कमरेच्या खाली नेमका कुठे द्यायचा, हे तिला दाराशीच दोन मिनिटांत दाखवणारी मिडवाइफ तिथे हवी.