कॅशे जवळ, पण किती जवळ?

"कॅशे लावली तरी ॲप हळूच चालतंय. उलट आधीपेक्षा जास्त हळू." अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलाचा हा निरोप, सोबत लॉगचा फोटो. डेटाबेसकडून उत्तर यायला 12 मिलिसेकंद, कॅशेकडून यायला 780. जी गोष्ट वेगासाठीच बसवायची, तीच 65 पट मागे!

स्वयंपाकघरात शेगडीजवळ मिसळणाचा डबा असतो. त्यात मोहरी, जिरं, हळद, हिंग थोडं थोडं भरलेलं. मोठ्या बरण्या माळ्यावर. डेटाबेस म्हणजे माळा आणि कॅशे म्हणजे हा डबा. पुन्हा पुन्हा लागणारी माहिती डिस्कवरून न काढता दुसऱ्या एका यंत्राच्या रॅममध्ये, म्हणजे झटपट वाचता येणाऱ्या तात्पुरत्या मेमरीत, तयार ठेवायची. ॲप आधी डब्यात बघतं. तिथे नसेल तर माळ्यावर चढतं आणि खाली उतरताना डबाही भरून ठेवतं. 2003 मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिकने लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळासाठी मेमकॅश्ड लिहिलं ते याचसाठी. 2009 मध्ये सिसिलीच्या साल्वातोरे सानफिलिप्पोने रेडिस आणलं. आज बहुतेक क्लाउड कंपन्या रेडिस किंवा त्याच्या जातकुळीतली कॅशे भाड्याने देतात.

रॅममधून एक नोंद वाचायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात. हा काळ ताणून 1 सेकंद केला, तर एसएसडीवरून, म्हणजे फिरती चकती नसलेल्या नव्या डिस्कवरून, वाचायला त्याच हिशेबाने सुमारे 17 मिनिटं लागतील आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरून सव्वा दिवस. इथवर सगळे सांगतात. पण क्लाउडमधली कॅशे ॲपच्या यंत्रात नसते, ती तारेच्या पलीकडे असते. एकाच डेटासेंटरमध्ये एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाऊन परत यायला अर्धा मिलिसेकंद धरा. आपल्या ताणलेल्या घड्याळात हे झाले जवळजवळ 83 मिनिटं. म्हणजे डब्यातून चिमूटभर हळद घ्यायला एक सेकंद आणि डब्यापर्यंत जाऊन यायला दीड तास. कॅशेचा वेग म्हणून आपण जो मोजतो, तो जवळपास सगळा रस्त्याचा वेग असतो. ही गोष्ट मला पहिल्यांदा समजली तेव्हा नेटवर्ककडे बघण्याची माझी नजरच बदलली.

त्या मुलाचं ॲप आणि डेटाबेस दोन्ही मुंबईच्या डेटासेंटरमध्ये होते. कॅशे मात्र त्याने फुकटच्या योजनेतून घेतली होती आणि जागा निवडायच्या रकान्यात जे आधीपासून भरलेलं होतं तेच राहू दिलं होतं: व्हर्जिनिया, अमेरिका. आता शाळेतलं भौतिकशास्त्र काढा. निर्वातात प्रकाश सेकंदाला 3 लाख किलोमीटर जातो, काचेच्या तंतूत सुमारे 2 लाख. मुंबई ते व्हर्जिनिया 13,000 किलोमीटरच्या आसपास, जाऊन येऊन 26,000. म्हणजे एका फेरीला किमान 130 मिलिसेकंद, आणि कितीही महागडा सर्व्हर घेतला तरी हा आकडा खाली येत नाही. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही. त्याच्याकडे एक फेरी 190 भरत होती.

मग 780 कुठून आले? तर फेऱ्या चार होत्या. कॅशेला नुसतं 'दे' म्हणून चालत नाही. आधी दोन यंत्रांची जोडणी जुळवायची. ती टीसीपी नावाच्या नियमांनी होते. त्याची ओळख अशी: "ऐकू येतंय का?" "येतंय, तुला?" ही पहिली फेरी. मग बोलणं तिसऱ्याला कळू नये म्हणून गुप्त किल्ल्या ठरवायच्या. त्याला टीएलएस म्हणतात. त्याच्या नव्या आवृत्तीत एक फेरी लागते, जुन्या 1.2 मध्ये दोन. मग पासवर्ड. आणि चौथ्या फेरीत खरा प्रश्न. हे सगळं एकदाच करायचं असतं. त्या मुलाने जोडणी उघडायची ओळ प्रत्येक विनंतीच्या फंक्शनमध्ये लिहिली होती, त्यामुळे दर वेळी नव्याने ओळखपाळख आणि काम झालं की जोडणी बंद.

योग्य पद्धत अशी: ॲप सुरू होतानाच काही जोडण्या उघडायच्या, त्या उघड्याच ठेवायच्या आणि आळीपाळीने वापरायच्या. याला कनेक्शन पूल म्हणतात. शिवाय एका पानाला 30 नोंदी लागत असतील तर 30 वेळा विचारू नये. वाण्याकडे आपण एकेका जिनसासाठी जातो का? यादी नेतो. रेडिसमध्येही एमगेट ही आज्ञा सगळ्या नोंदी एकाच फेरीत आणते. मुलाने कॅशे मुंबईत हलवली, पूल लावला आणि आकडा एका मिलिसेकंदाच्या आत आला.

"हे जोडा, ॲप दसपट वेगवान" अशा जाहिरातींवर म्हणूनच माझा विश्वास नाही. आणि रोज रात्री फोनची कॅशे साफ केली की फोन पळतो, ही समजूतही सोडून द्या. जागा संपली असेल किंवा एखादं ॲप बिघडलं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी तुम्ही भरलेला डबा ओतून देता आणि सकाळी फोनला पुन्हा माळ्यावर चढायला लावता.

जोडणीत आणखी एक बारकावा आहे, तो वेगापेक्षाही मोठा. कॅशेकडून 'नाही' दोन तऱ्हेने येतं. एक, 'ही नोंद माझ्याकडे नाही'. दुसरं, काहीतरी चूक झाली किंवा उत्तरच आलं नाही. पहिल्यावर डेटाबेसकडे जायचं. दुसऱ्यावरही सगळे एकदम तिकडेच धावले तर डेटाबेस कोसळतो. 23 सप्टेंबर 2010 रोजी फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडलं, ते याच्याच भावंडामुळे. एका सेटिंगची मूळ प्रत बदलली आणि नवी किंमत (म्हणजे त्या सेटिंगमध्ये भरलेलं मूल्य) तपासणीत चुकीची ठरली. कॅशेतली किंमत चुकीची दिसली की ती डेटाबेसमधून दुरुस्त करून घ्यायची, असा प्रोग्रामचा नियम होता. सगळी यंत्रं एकाच वेळी डेटाबेसकडे वळली, सेकंदाला लाखो प्रश्न. डेटाबेस दमून एरर देऊ लागला. यंत्रांनी त्या एररलाही 'चुकीची किंमत' मानलं आणि कॅशेतली नोंद पुसून टाकली, म्हणजे पुन्हा प्रश्न. मूळ चूक सुधारली तरी हे चक्र थांबेना. शेवटी डेटाबेसकडे जाणारी सगळी वाहतूक तोडावी लागली, म्हणजे साइटच बंद. डेटाबेस सावरल्यावर लोकांना हळूहळू, थोडे थोडे करून आत घेतलं.