अळंबीच्या कॅप्सूलने मधुमेहाची गोळी सुटते का?

‘गॅनोडर्माची कॅप्सूल घ्या, मधुमेहाची गोळी कायमची बंद’ हा दावा व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय. सोबत संशोधनाचा दाखला असतो, आणि गंमत म्हणजे तो अगदीच खोटा नसतो.

धिंगरी, मायटाके, रेशी (हीच गॅनोडर्मा, लाकडासारखी कडक, भाजीची नव्हेच) या अळंब्यांतल्या बीटा-ग्लुकान या तंतुमय घटकावर प्रयोग झाले आहेत. पण बरेचसे उंदरांवर. अनेक प्रयोगांत उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी आधी मारतात, मग अळंबीचा अर्क पाजतात. काही घटक परीक्षानळीत अल्फा-ग्लुकोसिडेज हे पिष्ट पचवणारं विकर (एन्झाइम) अडवतात. अकार्बोज हे औषधही तेच करतं, पण ते माणसांवर तपासलेलं आहे आणि त्याची मात्रा ठरलेली आहे.

२०१५ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने गॅनोडर्माच्या पाच चाचण्यांचा, सुमारे ४०० जणांचा, आढावा घेतला. टाइप २ मधुमेहात ती वापरावी असा पुरावा मिळाला नाही. एचबीए१सीमध्येही (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) दखल घ्यावी असा फरक नव्हता.

भाजी म्हणून अळंबी उत्तमच. १०० ग्रॅम बटण मशरूममध्ये कर्बोदकं जेमतेम ३ ग्रॅम. भात कमी करून ती खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी चढणारच. ताटातलं पिष्ट घटलं ना! (मलईदार मशरूम मसाल्यासोबत दोन बटर नान घेतले, तर हेही विसरा.)

मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन परस्पर थांबवू नका. कॅप्सूल घेतच असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नका.