ध्यानाची फी: सोलापुरातल्या महिलांच्या ध्यानवर्गांमागची पार्श्वभूमी

सोलापुरात ध्यान फुकटच मिळत आले. सिद्धेश्वर तलावातल्या मंदिरात बाराव्या शतकातल्या शिवयोग्याची समाधी आहे, लिंगायत घरांत बायकाही तळहातावर इष्टलिंग (अंगावर धारण करायचे छोटे शिवलिंग) घेऊन नजर स्थिर करतात, पेठांमधली भजनी मंडळे हरिपाठ म्हणतात. इगतपुरीला 1976 पासून होणारी विपश्यनेची दहा दिवसांची निवासी शिबिरेही देणगीवरच चालतात. अडचण पैशांची नव्हतीच, दिवसांची होती. शाळेचे डबे, सासूची औषधे आणि नळाचे पाणी सोडून दहा दिवस मौनात बसणे फार थोड्या जणींना जमते.

रोजच्या छोट्या वर्गाला जागा झाली ती इथेच. अमेरिकेत 1979 मध्ये एका वैद्यकीय विद्यापीठात आठ आठवड्यांचा ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू झाला. आठवड्यातून एकदा भेटायचे, बाकी दिवस घरी ध्वनिफीत लावून बसायचे, ही पद्धत पुढे सगळीकडे पसरली. तरी धंदा म्हणावा असा आकार आला तो 2016 च्या स्वस्त डेटानंतर, आणि खरा जोर मार्च 2020 नंतर. झूमवर फुकटची सामूहिक बैठक 40 मिनिटांनी तुटते, म्हणून पाच मिनिटे जमायला, पंचवीस ध्यानाला आणि दहा बोलायला असा साचा बसला. वर्ग प्रत्यक्ष भरू लागले तरी तो अनेक ठिकाणी टिकून आहे.

खरा वाद फीचा. ट्रस्ट काढून देणगी घ्यावी, की सरळ व्यवसाय म्हणून पावती फाडावी? 2015 च्या अर्थसंकल्पाने आयकरातल्या ‘धर्मादाय हेतू’ या व्याख्येत योगाचा समावेश केला आणि 1 एप्रिल 2016 पासून तो लागू झाला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा धर्म, अध्यात्म आणि योग यांच्या प्रसाराला सूट मिळाली, पण ती आयकराच्या कलम 12एए (नंतर 12एबी) खाली नोंदलेल्या संस्थांनाच. म्हणजे तेच ध्यान, तीच सतरंजी. संस्थेने घेतले तर करमुक्त, एकट्या बाईने घेतले तर करपात्र सेवा. हा भेद अनेकींना ट्रस्टकडे ढकलतो. आमच्या मते ते बहुतेक वेळा चुकीचे असते.

कारण हिशेब सोपा आहे. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक 20 लाख रुपयांची. महिना 500 रुपये फी धरली तर वर्षभर 333 जणी भरल्या तरी ती ओलांडली जात नाही. कर्नाटकातल्या विजापूर किंवा कलबुर्गीची बाई ऑनलाइन आली तरी तेवढ्याने नोंदणी लागत नाही. आंतरराज्य सेवेलाही हीच मर्यादा आहे. पुढे मर्यादा ओलांडलीच, तर योगवर्गांवरचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. उलट ट्रस्ट म्हटला की दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, आणि शिल्लक स्वतःच्या खिशात घालता येत नाही ते वेगळेच. एका हॉलवर चालणाऱ्या वर्गाला उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) आणि वेगळे बँक खाते पुरते.

फी घेतल्याने हजेरी टिकते, हे फुकट वर्ग चालवलेल्या कुणालाही विचारावे. महिन्याची फी आगाऊ घ्यावी. रोजचे पैसे घेतले की पाऊस पडला तरी गळती होते.

वेळापत्रकाला मात्र गावच वळण देते. गृहिणींना दुपारी अडीच ते चार मोकळे असतात, पण जेवणानंतर आडवे झोपवून ध्यान घेतले की निम्मा वर्ग घोरतो. भिंतीला टेकून बसवावे. पाणी काही दिवसांआड येते आणि ज्या भागात येईल तिथल्या जणी त्या दिवशी येत नाहीत, म्हणून बुडलेल्या सत्राचे ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर टाकण्याची सोय आधीच ठेवावी. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत आणि मे महिन्यात नवी बॅच काढू नये. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की, किंवा दिवाळीनंतर काढावी. ध्वनिमुद्रण करताना बोलण्याचा वेग मिनिटाला 80 ते 90 शब्दांवर आणावा. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांची खडखड माइकमध्ये येतेच. खिडकीला गोधडी लावून, कपड्यांच्या कपाटाशी तोंड करून बोलले तर निम्मे काम होते.

जाहिरातीत घसरायला फार सोपे. 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा पाळीच्या तक्रारी, वंध्यत्व, मधुमेह, रक्तदाब यांवर गुणाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो आणि त्यातल्या ‘जादूई उपाया’च्या व्याख्येत मंत्रही येतो. ‘या बीजमंत्राच्या ध्यानाने पीसीओडी बरा’ असा फलक त्यामुळे सरळ अंगाशी येऊ शकतो. ‘रोज 25 मिनिटे शांत बसण्याचा वर्ग’ एवढे लिहिले की भागते.

हा सगळा विस्तार जुळे सोलापूर, होटगी रोड अशा वस्त्यांना धरून झाला आहे. विडी वळणाऱ्या बायका त्यात नाहीत. मजुरी हजार विड्यांमागे, त्यामुळे ध्यानाला बसलेला अर्धा तास म्हणजे कमी झालेल्या विड्या. आणि मांडीवर सूप घेऊन दिवस काढल्यावर पुन्हा ‘मांडी घाला’ म्हणणे म्हणजे थट्टाच. त्यांच्यासाठी बचत गटाच्या बैठकीला जोडून, खुर्चीवर किंवा पाय पसरून, दहा मिनिटांचे तेलुगू-मराठी सत्र घेता येते. फी गटाकडून महिन्याला एकरकमी ठरवावी, डोक्यामागे नको.