विमानतळ एक, देश दोन: ही भानगड सुरू कशी झाली

बासेलचं तिकीट शोधायला बसलं की पहिला गोंधळ कोडवरूनच होतो. बीएसएल टाकलं तर स्वित्झर्लंडमधलं बासेल दिसतं, एमएलएच टाकलं तर फ्रान्समधलं म्यूलूझ, आणि ईएपी टाकलं तर युरोएअरपोर्ट नावाचं तिसरंच काहीतरी. आपण दर ताडून बघत बसतो आणि मग कळतं की तिन्ही एकच, तेच विमान, तीच धावपट्टी, आणि ती धावपट्टी अख्खीच्या अख्खी फ्रान्समध्ये आहे.

लोकांना वाटतं की सीमेवरचा सामाईक विमानतळ म्हणजे दोन देशांच्या मैत्रीचं प्रतीक वगैरे. उद्घाटनाच्या भाषणात तसं म्हणतातही. पण एकेकाचा इतिहास बघितला तर मैत्री नंतर आलेली दिसते, आधी असते ती जागेची अडचण. विमानाला लांबच लांब सपाट जमीन लागते आणि सीमा आखणाऱ्यांनी त्याचा काही विचार केलेला नसतो, तेव्हा विमानंच नव्हती.

बासेलचंच घ्या. शहर अगदी कोपऱ्यात, एका बाजूला फ्रान्स, एका बाजूला जर्मनी. त्यांचा जुना विमानतळ बिर्सफेल्डनला होता, श्टेर्ननफेल्ड नावाचा, तो लहान पडायला लागला आणि राईन नदीवरच्या बंदरालाही तीच जागा हवी होती. मग १९३० च्या दशकात फ्रान्सशी बोलणी सुरू झाली की तुमच्याकडे मोकळी सपाट जागा आहे, आमच्याकडे पैसे आहेत, बघा काही जमतंय का. महायुद्ध आलं आणि सगळं थांबलं. युद्ध संपल्यावर मात्र जे झालं ते खरंच वाचण्यासारखं आहे, १९४६ च्या मार्चमध्ये काम सुरू झालं आणि ८ मे १९४६ ला विमानतळ चालूसुद्धा झाला. दोन महिन्यांत! धावपट्टी साधारण १२०० मीटरची, तीही तात्पुरती, भोकं असलेले पोलादी पत्रे एकमेकांत अडकवून जमिनीवर अंथरलेले, युद्धात सैन्याची विमानं उतरवायला वापरायचे तसे. जमीन फ्रान्सची, बांधकामाचा खर्च बासेलचा. आणि करार? तो झाला ४ जुलै १९४९ ला, बर्नमध्ये. म्हणजे तीन वर्षं विमानं आधी उडत होती आणि कागद मागून आला.

त्या करारात युक्ती अशी केली की जमीन फ्रान्सचीच राहील, पण विमानतळाच्या एका भागात, म्हणजे स्विस सेक्टरमध्ये, कस्टम्स आणि पासपोर्टची तपासणी स्वित्झर्लंडचे लोक करतील, आणि बासेलहून तिथपर्यंत एक वेगळा रस्ता असेल. हा रस्ता आजही आहे. दोन्हीकडे कुंपण, कुंपणापलीकडे फ्रान्स, जमीनही फ्रान्सचीच, पण बासेलहून विमान पकडायला निघालेला माणूस या रस्त्याने फ्रेंच कस्टम्सला न भेटता थेट विमानतळावर. कारभार बघणाऱ्या मंडळावर दोन्ही देशांचे सारखे लोक. १९८७ मध्ये नावात जर्मनीतलं फ्रायबुर्गही घातलं, तरी टर्मिनलमध्ये जर्मन सेक्टर असा काही नाही, सेक्टर दोनच.

आता १९४९ साली कोणाच्या डोक्यात व्हॅट असणार? फ्रान्सने तो आणला १९५४ मध्ये. त्यामुळे स्विस सेक्टरमधल्या कंपन्यांनी कर कुठला भरायचा, कामगारांना कायदा कुठला, हे करारात धड लिहिलेलंच नव्हतं आणि साठेक वर्षं ते तसंच 'चालतंय ना, चालू द्या' करून चालवलं. मग फ्रेंच न्यायालयाने म्हटलं की जमीन फ्रान्सची तर कामगार कायदाही फ्रान्सचाच, आणि एकच धांदल उडाली. कारण फ्रान्समध्ये आठवड्याचे ३५ तास आणि स्वित्झर्लंडमध्ये साधारण ४२, तिथल्या कंपन्या सगळं स्विस पद्धतीने चालवत होत्या. २०१२ मध्ये त्यावर समजुतीचा तोडगा निघाला, आणि कराचा वाद २०१७ च्या करारात मिटला, स्विस सेक्टरमध्ये व्हॅट स्वित्झर्लंडचा असं ठरलं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला खरा धडा इथेच आहे, इमारत सामाईक करणं सोपं, दोन महिन्यांत होतं, कायदा सामाईक करायला सत्तर वर्षंही पुरत नाहीत.

जिनिव्हाने दुसरा मार्ग काढला. त्यांचा क्वांत्रँचा विमानतळ १९२० पासून स्वित्झर्लंडमध्येच होता, अडचण आली ती जेट विमानांच्या काळात. धावपट्टी लांबवायची तर पुढे फ्रान्सची हद्द. मग १९५६ च्या करारात दोन्ही देशांनी सरळ जमिनीची अदलाबदल केली, तुम्ही हा तुकडा घ्या, आम्ही तो घेतो, सीमाच थोडी सरकवली! आज तिथली धावपट्टी ३९०० मीटरची आहे. बदल्यात फ्रान्सला विमानतळावर स्वतःचा सेक्टर मिळाला आणि फेर्ने-व्होल्तेरच्या बाजूने कुंपणातला रस्ता, म्हणजे बासेलची उलटी आवृत्ती.

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आल्यावर २००९ च्या मार्चपासून या विमानतळांवर शेंगेनमधल्या विमानांसाठी पासपोर्टची भानगड गेली. पण कस्टम्स आहेच, कारण स्वित्झर्लंड युरोपियन युनियनच्या कस्टम्समध्ये नाही. आणि भाड्याची गाडी घेताना हे सगळं एकदम अंगावर येतं. फ्रेंच बाजूची गाडी बऱ्याचदा स्वस्त असते म्हणून लोक ती बुक करतात आणि परत करताना स्विस बाजूला नेतात, मग काउंटरवरचा माणूस सांगतो की ही इथली नाही. टर्मिनलमध्ये त्या बाजूला पायी जायला दोन मिनिटं, पण गाडीने जायचं तर बाहेर पडून, सीमा ओलांडून, वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने. फ्लाइटला तास उरला असेल तर विचारूच नका.

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरचा किस्सा तर कोणी सांगितला तर खोटा वाटेल. १९३९ मध्ये कॅनडा महायुद्धात उतरला, अमेरिका तटस्थ. विमानं विकायला परवानगी, पण ती उडवत युद्धात असलेल्या देशात नेऊन पोचवायला अमेरिकेच्या तटस्थता कायद्यात बंदी. मग काय केलं, तर नॉर्थ डकोटात पेंबिनाला वगैरे सीमेला खेटून विमान उतरवायचं आणि घोडे जुंपून पलीकडे ओढत न्यायचं. मेन राज्यातल्या हूल्टनला ट्रॅक्टरने ओढायचे. बॉम्बर विमान, पुढे घोड्यांची जोडी, आणि कायदा पाळला गेला! आजही त्या सीमेवर काही छोट्या धावपट्ट्या आहेत, मॅनिटोबा आणि मिनेसोटाच्या मधल्या पायनी पाइनक्रीकची धावपट्टी तर सरळ सीमा ओलांडून जायची, साधारण एक किलोमीटरची. तिथे मोठं टर्मिनल वगैरे काही नव्हतं, छोट्या विमानांचाच कारभार.

तिहुआनाचा प्रकार सगळ्यात नवा आणि सगळ्यात धंदेवाईक. मेक्सिकोचा हा विमानतळ सीमेच्या कुंपणाला अगदी चिकटून आहे, आणि पलीकडे सॅन डिएगो, जिथल्या विमानतळाला एकच धावपट्टी आणि वाढायला जागा नाही. १९९० च्या दशकात दोन्ही मिळून जोड विमानतळ करायच्या कल्पना निघाल्या आणि बारगळल्या. शेवटी खासगी गुंतवणूकदारांनी पूल बांधायचं ठरवलं, २०१० मध्ये अमेरिकन सरकारचा परवाना मिळाला आणि डिसेंबर २०१५ मध्ये साधारण १२० मीटरचा पादचारी पूल सुरू झाला. अमेरिकेच्या बाजूला काउंटर आहेत, पार्किंग आहे, विमान मात्र एकही नाही, कारण विमानं पुलाच्या पलीकडे दुसऱ्या देशात. पुलाचं वेगळं तिकीट काढायचं, बोर्डिंग पास दाखवायचा आणि चालत मेक्सिकोत जायचं. विमानाचे प्रवासी नसाल तर पूल तुमच्यासाठी नाही. इथे कायदा हलवला नाही, सीमाही हलवली नाही, माणसालाच चालायला लावलं. पण आधी याच लोकांना रस्त्यावरच्या नाक्यावर रांगेत ताटकळावं लागायचं, त्यामुळे पैसे देऊनही कोणाची फारशी तक्रार नसते.

आणि जिथे जागेचा हक्कच वादात आहे तिथे काय होतं ते जिब्राल्टरला दिसतं, म्हणजे स्पेनच्या दक्षिण टोकाला ब्रिटनच्या ताब्यात असलेल्या छोट्याशा प्रदेशात. धावपट्टी ज्या चिंचोळ्या भूपट्टीवर आहे ती १७१३ च्या उत्रेख्तच्या तहात आम्ही दिलेलीच नव्हती असं स्पेन म्हणतो. १९८७ मध्ये लंडन आणि माद्रिदने सामाईक वापराचा करार केला, पण जिब्राल्टरच्या लोकांनीच तो अमलात येऊ दिला नाही, आमच्या विमानतळावर स्पेनचा हक्क कशाला म्हणून. २००६ च्या कोर्दोबा करारात हक्काचा मुद्दा बाजूला ठेवून पुन्हा जुळवलं, त्याच डिसेंबरमध्ये माद्रिदहून पहिलं विमान आलं, सीमेच्या कुंपणाला लागून नवं टर्मिनलही बांधलं, जेणेकरून उतरलेला माणूस एका दाराने जिब्राल्टरमध्ये आणि दुसऱ्या दाराने थेट स्पेनमध्ये जाईल. जिब्राल्टरचं दार उघडलं, स्पेनचं कागदावरच राहिलं. मग ब्रेक्झिट झालं, सगळं परत पहिल्यापासून, आणि २०२५ च्या जूनमध्ये ब्रिटन आणि युरोपियन युनियनचा समझोता झाला की लंडनहून उतरणाऱ्याचा पासपोर्ट आधी जिब्राल्टरचा अधिकारी बघेल आणि मग स्पेनचा. तेही तिथेच, कुंपणाला लागून असलेल्या विमानतळावर.