वर्ल्ड ट्रेड सेंटर वाहतूक केंद्र, न्यूयॉर्क

न्यूयॉर्क शहरातील लोअर मॅनहॅटन भागात, ११ सप्टेंबर २००१ रोजीच्या दहशतवादी हल्ल्यात नष्ट झालेल्या स्थानकाच्या जागी उभारलेले रेल्वे स्थानक. न्यू जर्सीकडे जाणाऱ्या पाथ रेल्वेचे हे अंतिम स्थानक असून ते शहराच्या अनेक भुयारी रेल्वेमार्गांशी पादचारी मार्गांनी जोडलेले आहे. स्पॅनिश वास्तुविशारद व अभियंता सांतियागो कालात्रावा यांनी त्याचा आराखडा २००४ मध्ये मांडला आणि ‘ऑक्युलस’ या नावाने ओळखले जाणारे त्याचे मुख्य दालन ३ मार्च २०१६ रोजी खुले झाले.

या जागी रेल्वे १९०९ पासून येत आहे. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांखालचे स्थानक १९७१ मध्ये सुरू झाले होते. हल्ल्यानंतर तेथे तात्पुरते स्थानक बांधून नोव्हेंबर २००३ मध्ये वाहतूक पूर्ववत करण्यात आली. स्थानकाची मालक असलेल्या, न्यूयॉर्क व न्यू जर्सी या राज्यांच्या संयुक्त बंदर प्राधिकरणाचे ८४ कर्मचारी हल्ल्यात मृत्युमुखी पडले होते, ही गोष्ट या वास्तूचा विचार करताना विसरता येत नाही.

ऑक्युलस म्हणजे लॅटिनमध्ये डोळा. जमिनीवरून पाहिल्यास पांढऱ्या पोलादी फासळ्यांच्या दोन रांगा पंखांसारख्या वर झेपावताना दिसतात. मुलाच्या हातातून सुटलेला पक्षी ही कालात्रावा यांची मूळ कल्पना होती. आत मात्र पक्षी जाणवत नाही. तेथे जाणवतो तो खांबांचा अडथळा नसलेला, फासळ्यांमधून झिरपणाऱ्या उजेडाने भरलेला उंच अवकाश. दालनाच्या कण्यावर, म्हणजे दोन्ही पंखांच्या मधोमध, काचेचा लांबट झरोका आहे. इमारतीचा अक्ष अशा रीतीने वळवलेला आहे की ११ सप्टेंबरला सकाळी १० वाजून २८ मिनिटांनी, उत्तर मनोरा कोसळला त्या क्षणी, सूर्यप्रकाश या अक्षाला धरून दालनात उतरावा. पहिले विमान ८ वाजून ४६ मिनिटांनी आदळले होते. तेव्हापासूनची १०२ मिनिटे झरोका आकाशाला उघडा ठेवण्याची योजना होती. ठरावीक तारखेला ठरावीक वेळी सूर्य दरवर्षी जवळजवळ त्याच ठिकाणी असतो, एवढ्याच आधारावर ही रचना उभी आहे. मृतांची नावे बाहेरच्या स्मारकात कोरलेली आहेत. स्थानकाने आठवणीसाठी दिशा आणि वेळ वापरली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हेच त्याचे खरे वास्तुशिल्पीय योगदान आहे.

मूळ आराखड्यात पंख यंत्राने उघडणार होते. खर्चामुळे ती कल्पना सोडण्यात आली, तर सुरक्षेच्या कारणास्तव फासळ्यांची संख्या वाढवावी लागली. बांधकामाची अडचण खालच्या पातळीवर अधिक होती. स्थानकाचा काही भाग स्मारकाच्या चौकाखाली येतो आणि स्मारक २०११ मधील दहाव्या स्मृतिदिनापर्यंत पूर्ण करायचे होते. त्यामुळे तेथे छत आधी आणि खालचे काम नंतर, असा उलटा क्रम घ्यावा लागला. शिवाय जागेतून जाणारा भुयारी रेल्वेचा १ क्रमांकाचा मार्ग चालू ठेवून त्याखाली खोदकाम करावे लागले. २०१२ च्या सँडी वादळात खोदलेल्या भागात पाणी शिरले. सुमारे २ अब्ज डॉलरचा अंदाज असलेला प्रकल्प सुमारे ४ अब्ज डॉलरवर गेला आणि त्याच्यावर कठोर टीका झाली. झरोक्यातून पाणी गळण्याचा त्रासही पुढे उद्भवला. दालनाभोवतीच्या मजल्यांवर ऑगस्ट २०१६ पासून दुकाने आहेत. स्मरणासाठी योजलेल्या जागेत विक्रीचा गजबजाट असावा का, हा आक्षेप रास्त आहे; पण हल्ल्यापूर्वीही मनोऱ्यांखाली बाजारपेठ होती, हेही ध्यानात घ्यायला हवे.

भुयारी रेल्वेच्या ई मार्गाच्या स्थानकाकडे नेणाऱ्या वाटेत जुन्या संकुलाची ट्रॅव्हर्टाइन दगडाची फरशी जतन केलेली आहे. तेथील एका दारावर १३ सप्टेंबर २००१ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या बचाव पथकाने तपास केल्याची रंगाने फवारलेली खूण आजही वाचता येते.