लंडनच्या निळ्या पाट्या: मान माणसाला, परीक्षा घराची

हायगेटमधल्या ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू या घरावर सावरकरांच्या नावाची गोल निळी पाटी आहे. श्यामजी कृष्ण वर्मांचे इंडिया हाउस ते हेच. पाटी लागली १९८५ मध्ये.

नामवंत जिथे राहिले त्या घरांवर अशा पाट्या लावण्याची कल्पना खासदार विल्यम एवार्ट यांनी १८६३ मध्ये संसदेत मांडली. सोसायटी ऑफ आर्ट्सने ती उचलून धरली आणि १८६७ मध्ये कवी बायरनच्या होलेस स्ट्रीटवरच्या जन्मघरावर पहिली पाटी लावली. १८८९ मध्ये ते घर पाडले गेले, त्याबरोबर पाटीही गेली. पुढे १९०१ पासून लंडन काउंटी कौन्सिल, १९६५ पासून ग्रेटर लंडन कौन्सिल आणि १९८६ पासून इंग्लिश हेरिटेज ही वारसा जपणारी संस्था हे काम पाहते.

सुरुवातीच्या बऱ्याच पाट्या तपकिरी होत्या. निळा रंग महाग पडे. आजचा साधा, नक्षी नसलेला नमुना १९३८ मध्ये एका विद्यार्थ्याने काढला. त्याला चार गिनी (जुने ब्रिटिश चलन) मिळाल्या, नाव मात्र कुठेच नोंदलेले नाही! पाटी ४९५ मिलिमीटर व्यासाची, सुमारे ५० मिलिमीटर जाड. भट्टीत माती आकसते, म्हणून साचा मोठा धरतात. मेंदीच्या कोनाने रेष ओढावी तशी पातळ मातीने अक्षरे काढतात आणि अक्षरांभोवतीच्या जागेत निळी झिलई भरतात. पृष्ठभाग किंचित फुगीर असतो, त्यामुळे पावसातच पाटी धुऊन निघते.

व्यक्ती जाऊन २० वर्षे झालेली हवीत. पूर्वी जन्मशताब्दी उलटली असली तरी चाले. खरी अडचण घराची. ते त्या व्यक्तीला ओळखू येईल इतपत मूळ रूपात उभे हवे, मालकाची संमती हवी आणि वास्तव्याचा पुरावा हवा. पुराव्यात हमखास फसगत होते ती घरक्रमांकाची: रस्ता तोच, पण क्रमांक मधल्या काळात बदललेले. म्हणून जनगणना, मतदारयाद्या आणि जुन्या पत्तापुस्तिका ताडून पाहाव्या लागतात. एका व्यक्तीला एकच पाटी, त्यामुळे कोणते घर निवडायचे हाही प्रश्न. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून संसदेवर निवडून आले, पण २०२२ मध्ये पाटी लागली ती दक्षिण लंडनमधल्या ७२, ॲनर्ली पार्क इथल्या घरावर.

पाटीमुळे घराला कायद्याचे संरक्षण मिळत नाही, आणि घराचे स्मारक करणेही सोपे नसते. १०, किंग हेन्रीज रोड इथे डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. पण निवासी इमारतीचे संग्रहालय करायला स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली. अपील, चौकशी असे सगळे होऊन ती मिळाली मार्च २०२० मध्ये.