निळ्या दिव्यापासून भुयारापर्यंत

लंडनमधल्या जुन्या पोलीस ठाण्यांच्या दारावर निळ्या काचेचा दिवा असतो. ईलिंग स्टुडिओने १९५० साली आणलेल्या 'द ब्ल्यू लॅम्प' या चित्रपटाचं नाव त्याच दिव्यावरून आलं. पॅडिंग्टन ग्रीन ठाण्यातला जॉर्ज डिक्सन हा निवृत्तीला टेकलेला हवालदार. बागकामाची हौस, ठाण्यातल्या गाण्याच्या तालमी, घरी पोटच्या पोरासारखा ठेवून घेतलेला नवा शिपाई. दुसऱ्या बाजूला टॉम रायली, म्हणजे डर्क बोगार्डने उभा केलेला देखणा, घामेजलेला, सतत चुळबुळणारा पोरगा. एका सिनेमा थिएटरवर दरोडा घालताना डिक्सन आडवा येतो आणि रायली गोळी झाडतो. डिक्सन दवाखान्यात मरतो. बातमी घरी येते तेव्हा त्याच्या बायकोने दवाखान्यात न्यायला फुलं काढून ठेवलेली असतात. ती आधी फुलं पाण्यात ठेवते आणि मग कोसळते. एवढ्या एका प्रसंगासाठीसुद्धा हा चित्रपट बघावा.

पण या लेखाचा विषय रायली आणि त्याच्यासारखी पोरं दाखवणारे ब्रिटिश गुन्हेपट हा आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच निवेदक सांगून टाकतो की युद्धाने मोडलेल्या घरांमधून ही नवी, बेशिस्त, भडक माथ्याची गुन्हेगार पिढी आली आहे. शेवटी व्हाइट सिटीच्या कुत्र्यांच्या शर्यतीत रायली सापडतो, तो एकट्या पोलिसांमुळे नाही. मैदानावरचे सट्टेवाले आणि जुने मुरलेले गुन्हेगारही त्याला कोंडीत पकडायला हातभार लावतात. म्हणजे चोरांचीही एक बिरादरी आहे, तिचेही नियम आहेत आणि हा पोरगा तिच्यातसुद्धा बसत नाही. लोकांना डिक्सन इतका आवडला की बीबीसीने टीव्ही मालिकेत त्याला जिवंत करून १९५५ ते १९७६ अशी एकवीस वर्षं ड्युटीवर ठेवला. रायलीला मात्र कोणी परत आणलं नाही. निदान त्या नावाने तरी नाही.

ब्रिटिश सामाजिक वास्तववादी, म्हणजे कष्टकऱ्यांचं जगणं आहे तसं दाखवणारे, गुन्हेपट पाहताना मला एक सवय लागली आहे. पोलीस कुठे उभा आहे आणि कॅमेरा कोणाच्या बाजूला आहे, हे मी आधी पाहतो. रहस्यकथा वाचून वाढलेले आपण 'खून कोणी केला' याच्या मागे असतो. इथे तो प्रश्न बहुतेक वेळा पहिल्याच पाऊण तासात निकालात निघालेला असतो. उरतं ते एवढंच, की या पोरापुढे दुसरी वाट होती का.

ही परंपरा गुन्हेपटातून निघालेली नाही, हे लक्षात ठेवायला हवं. तिची मुळं माहितीपटात आहेत. जॉन ग्रीअर्सनने १९२९ मध्ये उत्तर समुद्रातल्या हेरिंग मासेमारीवर 'ड्रिफ्टर्स' केला आणि कष्टकऱ्यांकडे विनोदी नोकर-चाकर म्हणून न बघणारा कॅमेरा ब्रिटनमध्ये रुजला. ग्रीअर्सनच्या मंडळींनी पुढे टपाल खात्याच्या फिल्म विभागात काम केलं, युद्धात सरकारी प्रचारपट केले. ही नजर आणि स्टुडिओचा गुन्हेपट एकत्र आले ते युद्ध संपल्यावर. १९४७ चा 'इट ऑलवेज रेन्स ऑन संडे' घ्या. लंडनच्या बेथनल ग्रीनमधलं घर, एकच रविवार, बाहेर पाऊस, न्हाणीचं पाणी तापतंय आणि तुरुंगातून पळालेला जुना प्रियकर घरात लपलाय. घरधनीण रोझला त्याला लपवायचंय, पण सावत्र मुली आणि नवरा एका छोट्या घरात सारखे येत-जात असतात. गुन्ह्याचा ताण आणि रविवारच्या स्वयंपाकाचा ताण यांची वीण इतकी घट्ट आहे की एक धागा ओढला तर दुसरा हलतो. या पूर्ण परंपरेतलं माझं सर्वांत आवडतं स्त्रीपात्र हेच. पुढे या चित्रपटांनी बायकांच्या वाट्याला फार करून वाट बघणं आणि मार खाणं एवढंच ठेवलं, ही तक्रार मला रास्त वाटते.

पन्नाशीच्या दशकात गोष्टी पटापट बदलल्या. १९५६ मध्ये लिंडसे अँडरसन, कॅरल राइझ, टोनी रिचर्डसन आणि लोरेंझा माझेत्ती यांनी नॅशनल फिल्म थिएटरमध्ये 'फ्री सिनेमा' नावाने आपले लघुपट दाखवले. त्याच सुमारास चित्रकलेत 'किचन सिंक' हा शब्द आला, म्हणजे घरातली मोरी आणि तिच्यातली खरकटी भांडी हाच चित्राचा विषय. तो शब्द नाटकाला चिकटला, मग सिनेमाला. उत्तरेकडची कारखान्याची शहरं, खऱ्या गल्ल्या, खरी बोली, काळं-पांढरं चित्रण.

त्यातला गुन्ह्याशी थेट नातं सांगणारा चित्रपट म्हणजे रिचर्डसनचा १९६२ चा 'द लोनलीनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर'. ॲलन सिलिटोने आपल्याच कथेवर पटकथा लिहिली. कॉलिन स्मिथचा बाप आजारपणात मेला. कारखान्याकडून पाचशे पौंड आले. आई ते नव्या मित्राबरोबर उडवते, घरात टीव्ही येतो, आणि कॉलिन आपल्या हिश्शातली एक नोट काडी लावून जाळतो. मग एका बेकरीतून पैसे चोरतो आणि दाराजवळच्या पन्हळीच्या नळात कोंबून ठेवतो. चौकशीला आलेला डिटेक्टिव्ह दारात उभा आहे, पाऊस धो धो पडतोय, कॉलिन त्याला टोलवतोय, आणि नळातून एक एक ओली नोट वाहत खाली यायला लागते. पोलिसाला डोकं चालवावंच लागत नाही, पावसानेच तपास लावला. हा प्रसंग पडद्यावर विनोदी आहे आणि म्हणूनच जास्त लागतो.

कॉलिन बोर्स्टलमध्ये जातो. बोर्स्टल म्हणजे तरुण गुन्हेगारांची सुधारशाळा. केंट परगण्यातल्या बोर्स्टल गावी १९०२ मध्ये पहिली निघाली म्हणून हे नाव. तिथल्या गव्हर्नरला एका बड्या खासगी शाळेविरुद्ध धावण्याचा चषक जिंकायचाय आणि कॉलिन पळतो मस्त. शर्यतीत तो सर्वांच्या पुढे असतो आणि अंतिम रेषेच्या अलीकडे थांबतो. गव्हर्नरकडे बघत उभा राहतो. दुसऱ्याला पुढे जाऊ देतो. बारा वर्षांपूर्वी रायलीकडे कॅमेरा पोलिसाच्या खांद्यावरून बघत होता, आता तो पोराबरोबर धापा टाकत धावतोय. या प्रकारातला नायक इथे घडला. जिंकू शकतो, पण ज्यांच्यासाठी जिंकायचं ती माणसं त्याला मान्य नाहीत. मात्र दिग्दर्शक पोराला हुतात्मा करून सोडत नाही. शेवटच्या दृश्यात कॉलिन इतर पोरांबरोबर कार्यशाळेत बसून जुने गॅस मास्क सुटे करतोय.

१९७१ चा 'गेट कार्टर' अनेकजण या यादीत घालतात. न्यूकॅसल आणि गेट्सहेडची ती कोळशाने माखलेली चित्रं घालण्यासारखी आहेतच. पण मायकल केनचा जॅक कार्टर हा सूट घालून लंडनहून आलेला गुंड आहे, सूडकथेचा नायक आहे. परिस्थितीने पिचलेला पोरगा तो नाही. परिसर वास्तववादी, माणूस सिनेमातला.

खरी उडी बोर्स्टलनेच घेतली. रॉय मिंटनने लिहिलेलं आणि ॲलन क्लार्कने दिग्दर्शित केलेलं 'स्कम' १९७७ मध्ये बीबीसीसाठी तयार झालं आणि बीबीसीने ते दाखवलंच नाही. दोघांनी १९७९ मध्ये तीच गोष्ट पुन्हा चित्रपट म्हणून केली. मूळ टीव्ही नाटक प्रेक्षकांना दिसायला १९९१ उजाडलं. रे विन्स्टनचा कार्लिन आत येतो, मार खातो, गप्प राहतो, आणि एके दिवशी मोज्यात स्नूकरचे दोन चेंडू घालून निघतो. त्यानंतर तो त्या विभागाचा 'डॅडी' होतो. मुंबईच्या वाचकाला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. क्लार्कची मेख पुढे आहे. कार्लिन दादा झाला की पहारेकऱ्यांनाच बरं वाटतं, कारण आता शिस्त तो राखणार. बंड करणारा पोरगाच व्यवस्थेचा मुकादम होतो. पोलीस चित्रपटात नाहीच, त्याची जागा संस्थेने घेतली आहे. १९८२ च्या कायद्याने बोर्स्टल पद्धत बंद झाली, पण केवळ या चित्रपटामुळे ती बंद झाली असं म्हणणं म्हणजे सिनेमाला फार भाव देणं होईल.

क्लार्कनेच १९८३ मध्ये 'मेड इन ब्रिटन' टीव्हीवर आणला. ब्रिटनमध्ये बेकारांचा आकडा तोवर तीस लाखांवर गेला होता. टिम रॉथचा ट्रेव्हर सोळा वर्षांचा, डोकं भादरलेलं, कपाळावर नाझींचं स्वस्तिक गोंदलेलं आणि डोक्याने तल्लख. बालसुधारगृहाचा एक अधिकारी त्याच्यासमोर फळ्यावर खडूने वर्तुळ काढतो: नोकरी नाही, भत्ता, चोरी, कोठडी, बाहेर, परत नोकरी नाही. बराच वेळ चालणारं दृश्य आहे. ट्रेव्हर ऐकतो, त्याला सगळं कळतं, आणि काही फरक पडत नाही. आधीच्या चित्रपटांना वाटायचं की पोराला कोणी तरी नीट समजावलं असतं तर बरं झालं असतं. इथे समजावणारा हुशार आहे, समजणारा त्याहून हुशार आहे, आणि तरीही शेवट कोठडीत, शिपायाच्या दंडुक्याचा फटका खाऊन हसणाऱ्या ट्रेव्हरच्या चेहऱ्यावर.

१९८२ मध्ये सुरू झालेल्या चॅनल फोर वाहिनीने अशा कमी खर्चाच्या चित्रपटांना पैसा पुरवला, आणि केन लोचसारख्या दिग्दर्शकांना नव्वदच्या दशकात दुसरा डाव मिळाला. त्याचा १९९३ चा 'रेनिंग स्टोन्स' मला या प्रकाराचा कळस वाटतो, त्यात पिस्तूल एकदाही दिसत नसताना. मँचेस्टरजवळच्या वसाहतीतल्या बेकार बॉबला मुलीच्या पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीसाठी, नवा पांढरा झगा घ्यायचाय. वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला त्या झग्याची किंमत बरोबर कळेल. नवा झगाच हवा असं नाही, असं पाद्रीही सांगतो. बॉब ऐकत नाही. सुरुवातीला तो आणि त्याचा मित्र माळावरून मेंढी पळवतात आणि पबमध्ये मटण विकायला जातात, तोवर बाहेर त्यांचीच व्हॅन चोरीला जाते. नंतर हुजूर पक्षाच्या क्लबची हिरवळ गुंडाळून विकतात. हसत हसत आपण सावकारापर्यंत येतो. सावकार घरात घुसून बायको-पोरीला धमकावतो, आणि बॉबशी झालेल्या झटापटीनंतर गाडी ठोकून मरतो. बॉब त्याची हिशेबाची वही घेऊन पाद्रीकडे पळतो. पाद्री वही जाळून टाकतो आणि पोलिसांकडे जायची गरज नाही म्हणतो. कम्युनियनच्या दिवशी पोलीस येतात. बॉबचा चेहरा पडतो. पोलीस सांगतात, तुमची व्हॅन सापडली. 'ब्ल्यू लॅम्प'पासून सुरू झालेला हिशेब इथे पार उलटा झाला: पोलीस दारात आहे, पण त्याला गोष्टच माहीत नाही.

या सगळ्यातून पात्रांचे साचे पक्के होत गेले. बाप नाही, किंवा असून नसल्यासारखा. आई प्रेमळ पण कमकुवत. बहीण शहाणी, घर सांभाळणारी, तिचं कोणी ऐकत नाही. आणि बापाची रिकामी जागा भरायला येणारा थोरला माणूस, जो पोराला पहिल्यांदा नाव देतो, काम देतो, पाठीवर हात ठेवतो. लोचच्या 'स्वीट सिक्स्टीन'मध्ये (२००२) स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकचा लिअम सुरुवातीला दुर्बिणीतून शनी दाखवायचे पोरांकडून पंचवीस पेन्स घेतो. धंद्याची नजर उपजत. तुरुंगातून सुटणाऱ्या आईला कॅरॅव्हॅन घेऊन देण्यासाठी तीच नजर हेरॉइनच्या धंद्यात जाते, पिझ्झा पोचवणारी पोरं तो माल पोचवायला लावतो. लिअम झालेल्या मार्टिन कॉम्पस्टनने आधी कधी अभिनय केला नव्हता. शेवटी समुद्रकिनारी लिअम एकटा चालतोय, फोनवर बहीण, आणि फोनची बॅटरी संपत आलेली.

शेन मेडोजच्या 'धिस इज इंग्लंड'मध्ये थोरला माणूसच मध्यभागी येतो. काळ १९८३ चा, फॉकलंड युद्धात बाप गमावलेला बारा वर्षांचा शॉन, आणि तुरुंगातून परतलेला कोम्बो. कोम्बो कृष्णवर्णीय मिल्कीला त्याच्या घराविषयी विचारतो. मिल्की भरलेल्या घराचं, जेवणावळींचं वर्णन करतो. कोम्बो झालेल्या स्टीफन ग्रॅहमच्या चेहऱ्यावर हसू असतं आणि डोळ्यांत काही तरी आंबत जातं. मग तो मिल्कीला अर्धमेला होईपर्यंत मारतो. वंशद्वेषाच्या मुळाशी हेवा आहे हे एक वाक्यही न बोलता कळतं.

मधल्या काळात सुटाबुटातल्या, वाचाळ, बंदुका नाचवणाऱ्या गुंडांचे विनोदी चित्रपटही चालले. ते करमणुकीला ठीक. त्यात कोणाला घरभाडं भरायचं नसतं.

एकविसाव्या शतकात पोराला नवा गणवेश मिळाला: हूडी. २००५ मध्ये केंटमधल्या एका मॉलने टोपी डोक्यावर ओढलेल्यांना मज्जावच केला. सिनेमाने दोन वाटा धरल्या. लंडनच्या हॅकनीमध्ये घडणाऱ्या 'बुलेट बॉय'मध्ये (२००४) गाडीचा बाजूचा आरसा तुटतो, एवढ्यावरून वैर पेटतं, आणि शेवटी धाकटा भाऊ पिस्तूल कालव्यात फेकतो. दुसरी वाट २००९ च्या 'हॅरी ब्राउन'ची. पुन्हा मायकल केन, आता म्हातारा माजी सैनिक, मित्राच्या खुनाचा सूड घेणारा. पोरांना इथे घर नाही, आई नाही, नीट चेहराही नाही. हा चित्रपट कॅमेरा उचलून परत १९५० मध्ये नेऊन ठेवतो, फक्त डिक्सनची माया मागे टाकून. केनचं काम उत्तम आहे, म्हणून चित्रपट अधिक खटकतो.

त्याचं चित्रण लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भागातल्या हेगेट वसाहतीत झालं, केन लहानाचा मोठा झाला त्याच भागात. शेवटी हॅरी एकटा भुयारी मार्गाकडे चालत जातो, तिथे आता टोळकं नाही, शांतता आहे. १९७४ मध्ये पुरी झालेली, बाराशेच्या आसपास घरांची ती वसाहत तेव्हा खरोखरच रिकामी होत होती. पिस्तुलाने नाही, पुनर्विकासाने. २०१४ पर्यंत ती पाडून झाली.